डोक्यातली काळजी आटोक्यात कशी आणायची : रोज करता येईल अशी पद्धत, पायरी पायरीने

आपल्याकडे कुणी काळजीत दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अगं टेन्शन नको घेऊस, होईल सगळं नीट." सांगणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं पण ऐकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग होत नाही, कारण टेन्शन घ्यायला कुणी मुद्दाम जात नाही, ते रात्री भांडीकुंडी आवरून आडवं झालं की आपोआप येऊन छातीवर बसतं. मुलाचं दहावीचं वर्ष, बाबांची शुगर, ऑफिसमध्ये चाललेली माणसं कमी करायची कुजबुज, होम लोनचा हप्ता, आणि यातलं काहीच नसेल तर "आज सगळं बरं चाललंय म्हणजे आता काहीतरी होणार" अशी वेगळीच धाकधूक. मन चिंती ते वैरी न चिंती.

मी डॉक्टर नाही, पण काळजी करणाऱ्या माणसांच्या घरात वाढलेय आणि पुढे समुपदेशनात ज्या गोष्टी शिकले त्या इथे क्रमाने मांडतेय. यातलं बहुतेक सगळं कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणजे सीबीटी या, विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या, उपचारपद्धतीतलं आहे, घरी करता येईल इतपतच घेतलंय. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. डोक्यात विचार येतात ते येऊ देत, त्याने फार बिघडत नाही. बिघडतं ते विचार आल्यावर खात्री करून घ्यायला आपण जे धावत सुटतो त्याने. म्हणून खात्रीची पायरी सगळ्यात लांबलचक झालीये, बाकीच्या एक वेळ भराभर वाचल्या तरी चालेल.

विचार दाबायला तर मुळीच जाऊ नका. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या पोरांना सांगितलं की पाच मिनिटं मनात येईल ते बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर समोरची घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नंतर त्याच पोरांना "आता खुशाल अस्वलाचा विचार करा" म्हटल्यावर, ज्यांना आधी मनाई केलीच नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. म्हणजे दाबलेलं उसळी मारून वर येतं. देवासमोर बसून "वाईट विचार येऊ देऊ नकोस" म्हणत राहणाऱ्यांना हा अनुभव असणारच.

पहिली पायरी : आठवडाभर नुसतं लिहा

साधी वही घ्या, मुलांची अर्धी उरलेली चालेल. मोबाईलमध्येही लिहिता येतं पण मोबाईल हातात घेतला की माणूस व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शिरतो, म्हणून मी वहीच सांगेन. काळजीचा झटका आला की चार गोष्टी टिपायच्या : किती वाजले होते, नेमका विचार काय होता, अंगात कुठे जाणवलं आणि त्यावर मी काय केलं. विचार पूर्ण वाक्यात लिहायचा. "मुलाचं टेन्शन" असं लिहून काही कळत नाही, "नऊ वाजले, क्लास साडेआठला सुटतो, फोन लागत नाही, अ‍ॅक्सिडेंट झाला असेल" असं लिहायचं. अंगात म्हणजे पोटात गोळा, मान आखडणं, तळहाताला घाम, जे असेल ते. आणि शेवटचा मुद्दा, मी काय केलं, तो अजिबात गाळू नका कारण पुढचं सगळं त्यावर आहे : चार वेळा फोन लावला, त्याच्या मित्राच्या आईला मेसेज केला, बाल्कनीत जाऊन उभी राहिले, असं सगळं.

या आठवड्यात स्वतःला सुधारायला जायचं नाही, फक्त नोंद करायची. बऱ्याच जणांना इथेच कळतं की काळज्या वाटतात शंभर, पण वहीत फिरून फिरून त्याच चार-पाच येतात, आणि वेळाही ठरलेल्या असतात.

दुसरी पायरी : निवडणे

आता वही उघडून प्रत्येक काळजीला एकच प्रश्न विचारायचा, याबद्दल मला या आठवड्यात हाताने काही करता येईल का. करता येत असेल तर ते काम आहे, आणि कामाला तारीख लागते. महावितरणचं बिल जास्त आलंय, शाळेची फी भरायचीये, सोनोग्राफी सहा महिने लांबवलीये, तर मग बुधवारी सकाळी अकराला फोन करून अपॉइंटमेंट घेणे असं लिहायचं आणि करायचं. हे नुसतं मनात घोळवत बसलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, पण काम तसूभरही हलत नाही.

करता येत नसेल तर ती "समजा... तर" वाली काळजी. समजा नोकरी गेली तर, समजा मुलीचं सासरी पटलं नाही तर, समजा मला कॅन्सर असला तर. गंमत अशी की बहुतेक काळज्या अर्ध्या अर्ध्या असतात. उदाहरणार्थ, "गावाला आई-बाबा दोघंच असतात, समजा रात्री बाबांना काही झालं तर." यातला कामाचा भाग वेगळा काढा : औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट एका फाईलमध्ये दाराजवळ ठेवायचे, शेजारच्या काकांना एक किल्ली द्यायची, १०८ नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावायचा, मेडिक्लेमच्या कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकायचा. एका रविवारचं काम आहे. एवढं झाल्यावर जे उरतं त्यावर करण्यासारखं काही नसतं, आणि ते उरलेलं पुढच्या पायरीला द्यायचं.

तिसरी पायरी : काळजीला वेळ ठरवून देणे

ही युक्ती ऐकली की लोक हसतात. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप काळजी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगितलं की रोज अर्धा तास, एकाच वेळी आणि एकाच जागी बसून काळजी करा, बाकी दिवसात काळजी आली की ती त्या अर्ध्या तासावर ढकला. काही आठवड्यांत त्या मुलांचा काळजीत जाणारा वेळ कमी झाला. कारण समजायला सोपं आहे, काळजी जेव्हा कुठेही कधीही केली जाते, गादीवर, जेवताना, लोकलमध्ये, तेव्हा त्या सगळ्या जागाच काळजीच्या होऊन जातात, गादीवर पाठ टेकली की चक्र सुरू.

करायचं असं. संध्याकाळी साडेपाच-सहाची वेळ घ्या, नोकरी करणाऱ्यांनी घरी येऊन हातपाय धुतल्यावरची घ्या, पण झोपायच्या आधीच्या दोन-तीन तासांतली नको. जागा गादी सोडून कुठलीही, एखादी खुर्ची ठरवून टाका. वीस ते तीस मिनिटांचा गजर लावा. दिवसभरात विचार आला की वहीत एक ओळ टाकायची आणि स्वतःला सांगायचं, साडेपाचला बघू. दाबायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं, या दोन्हींत खूप फरक आहे कारण मनाला माहिती असतं की सुनावणी होणार आहे. मग पुन्हा हातातल्या कामाकडे यायचं, कणीक मळत असाल तर कणकेकडे. पाच मिनिटांनी विचार परत येणार, परत तेच करायचं, चिडायचं नाही.

साडेपाचला खुर्चीत बसून ओळी वाचायच्या. काही शिळ्या झालेल्या असतात, सकाळी ज्यावर जीव जात होता ते संध्याकाळी वाचून हसू येतं, त्यावर काट मारा. ज्या अजून टोचतायत त्यांची मनापासून काळजी करा, हो, खरंच करा. गजर झाला की उठायचं आणि हाताला काम द्यायचं, भाजी निवडा, झाडांना पाणी घाला. एखाद्या दिवशी ओळच नसेल तरी पाच मिनिटं जाऊन बसा, सवय मोडू नये म्हणून. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस हे सगळं नाटकी वाटतं, ते तसंच वाटू द्या.

चौथी पायरी : विचाराची उलटतपासणी

काळजीच्या वेळेत जो विचार सगळ्यात जास्त टोचतो तो एक घ्या आणि कागदावर त्याची तपासणी करा. डोक्यात करू नका, डोक्यात वकीलही तोच आणि जजही तोच असतो.

समजा शुक्रवारी संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला, "सोमवारी भेटा, बोलायचंय." झालं, शनिवार-रविवार गेला. कागदावर आधी फक्त जे घडलं ते लिहा : साहेबांनी सोमवारी भेटायला सांगितलं. एवढंच घडलंय. मग मनाने त्याला काय जोडलं ते लिहा : काढून टाकणार, हप्ते थकणार, घर जाणार. मग याला पुरावा काय आणि याच्या उलट पुरावा काय ते, आणि मग याआधी साहेबांनी बोलावलं तेव्हा कशासाठी बोलावलं होतं ते. आणखी कुठली तीन-चार कारणं असू शकतात? ऑडिट, कुणाची तरी रजा, नवीन माणसाला शिकवायचंय. शेवटी, आणि हा भाग लोक टाळतात, समजा खरंच वाईट झालं तर मी पहिल्या आठवड्यात काय करेन? शिल्लक किती महिने पुरेल, कुणाला फोन करेन, कुठला खर्च थांबवेन. भीतीचं टोक गाठून पुढचा रस्ता लिहिला की ती भीती तेवढी अक्राळविक्राळ राहत नाही.

हे पॉझिटिव्ह थिंकिंग नव्हे बरं का. "माझं प्रमोशनच होणार" असं लिहिलं तर मन लगेच ओळखतं की थाप आहे. आपल्याला गोड विचार नकोय, बरोबर विचार हवाय. या पद्धतीचा, म्हणजे सीबीटीचा, पाया अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी साठच्या दशकात घातला, त्याच्या थोडं आधी, १९५५ च्या सुमारास, न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ, म्हणजे विचार विवेकाने तपासून बघायची, पद्धत सुरू केली होती, आणि ती मराठी माणसापर्यंत पोचवायचं मोठं काम मुंबईच्या कि. मो. फडके यांनी केलं. एलिस यांचा एक मुद्दा मला रोज उपयोगी पडतो : "असं व्हावं" आणि "असं झालंच पाहिजे" यातला फरक. मुलाला नव्वद टक्के मिळावेत ही इच्छा आहे. मिळालेच पाहिजेत म्हटलं की पंच्याऐंशी हे संकट होतं. वहीत "च" जिथे जिथे दिसेल तिथे पेनाने गोल करा.

पाचवी पायरी : खात्री करून घेणं कमी करा

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पहिल्या आठवड्यात "मी काय केलं" या रकान्यात काय काय लिहिलंय बघा. परत फोन लावला. लास्ट सीन बघितलं. ब्लू टिक आली का पाहिलं. गुगलवर "डाव्या हाताला मुंग्या" टाकलं. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर काढून बोटाला लावला. नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारलं, "खरंच काही नसेल ना रे?" मेल पाठवून झाल्यावर सेंट आयटममध्ये जाऊन पुन्हा वाचला.

या प्रत्येकाने दोन मिनिटं बरं वाटतं, आणि म्हणूनच ते घातक आहे. डास चावल्यावर खाजवण्यासारखं, खाजवताना सुख आणि नंतर दुप्पट आग. मन शिकतं ते असं की "मी चेक केलं म्हणून वाचलो", त्यामुळे पुढच्या वेळी चेक केल्याशिवाय चैन पडत नाही. घरातलं बीपीचं मशीन याचं उत्तम उदाहरण, घाबरून मोजलं की आकडा जरा वर दिसतो, वर दिसला की आणखी घाबरायला होतं, परत मोजायचं, परत वर. डॉक्टरांनी ज्या वेळेला मोजायला सांगितलंय तेव्हाच, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि मशीन कपाटात ठेवा.

कॅनडातल्या क्युबेकमधल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात हे चांगलं मांडलंय, की सतत काळजी करणाऱ्या माणसाला संकटापेक्षाही अनिश्चितता जास्त सोसत नाही. "काय ते एकदाचं कळू दे" असं आपण म्हणतो ना, तेच. मग उपाय काय, तर अनिश्चितता थोडी थोडी सोसायची सवय लावायची, आणि ती सोप्यापासून लावायची.

रकान्यातल्या सगळ्या चेकिंगची यादी करा आणि ते केलं नाही तर किती कासावीस व्हायला होईल त्याला शून्य ते दहा मार्क द्या. तीन मार्कवाल्यापासून सुरुवात. ऑफिसचा साधा मेल एकदा वाचून पाठवायचा, परत उघडायचा नाही. रिव्ह्यू न वाचता नव्या हॉटेलात जेवायला जायचं. भाजी आणायला मुलाला पाठवायचं आणि कुठली आणायची ते सांगायचं नाही. ही चिल्लर वाटते पण सराव इथेच होतो. मग सहा-सातवाल्याकडे या, तिथे एकदम बंद करायला जाऊ नका, लांबवा. लास्ट सीन बघायची इच्छा झाली की आधी दहा मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात वीस. थांबण्याआधी वहीत लिहायचं, "फोन केला नाही तर काय होईल असं मला वाटतंय", आणि नंतर खरं काय झालं ते शेजारी. महिनाभरात ती दोन रकान्यांची यादीच तुमच्याशी बोलायला लागते, तिथे माझ्या लेखाची गरज उरत नाही.

पहिली काही मिनिटं जीव वरखाली होतो. मग, काहीच न करता, तो हळूहळू खाली बसतो. हे एकदा अंगाने अनुभवायला लागतं, वाचून पटत नाही.

आता घरच्यांबद्दल, कारण आपल्याकडे काळजी एकट्याची नसते, अख्ख्या घराची असते. आई सांगलीला, मुलगा पुण्याला, तो एसटीने निघाला की कराडला फोन, साताऱ्याला फोन, खंबाटकी घाटात रेंज गेली की इकडे पाणी गोड लागत नाही. मुलं अमेरिकेत असतील तर त्यात रात्र-दिवसाचं उलटं गणित. इथे दोघांनी बसून करार करावा : निघताना एक मेसेज, पोचल्यावर एक, मधे नाही. मुलाने तो कसोशीने पाळायचा कारण त्याने एकदा आळस केला की आईची आठवड्याभराची मेहनत पाण्यात. आणि आईने विचारलंच तर चिडून "काय गं सारखं सारखं" म्हणायचं नाही, पण दहाव्यांदा "काही होत नाही गं" असंही म्हणायचं नाही. एकदा नीट उत्तर द्या, आणि पुन्हा विचारलं तर, "आई, तुला आत्ता भीती वाटतेय ना, पण याचं उत्तर मघाशी दिलंय, आता आपण दुसरं बोलू, आज डब्याला काय केलं होतंस?" प्रेमाने आणि ठामपणे. हे आपल्याला तुटकपणाचं वाटतं, लहानपणापासून काळजी म्हणजेच माया असं बघत आलोय ना आपण. करून बघा, दोघांच्याही डोक्याचा ताप कमी होतो.

एक गोष्ट वेगळी ठेवा. गॅसचा नॉब, कुलूप, हात धुणं यात रोजचा तासभर किंवा जास्त जात असेल तर ते ओसीडी म्हणजे मंत्रचळ असू शकतं, त्याच्यासाठी वेगळे उपचार आहेत, हे घरी करत बसू नका.

सहावी पायरी : शरीराकडे बघा

हे थोडक्यात. श्वास आत चार आकड्यांत घ्या आणि बाहेर सहा आकड्यांत सोडा, पाच मिनिटं, रोज, काळजी नसताना सुद्धा. बाहेर सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात म्हणून तो लांब ठेवायचा. मुठी आवळून पाच आकडे धरा आणि सैल सोडा, मग खांदे, मग जबडा. रोज अर्धा तास घाम येईल इतपत चाला. चहा दुपारी चारनंतर बंद, कॅफिनचा निम्मा अंश अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे सातचा चहा बाराला जागाच असतो. झोप येत नसेल तर तळमळत पडून राहू नका, उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, डोळे जड झाले की परत जा.

थायरॉईड वाढलेला असेल तर छातीत धडधड, हाताला कंप, घाम, वजन उतरणं हे सगळं होतं आणि माणूस टेन्शन समजून बसतो, म्हणून एकदा फॅमिली डॉक्टरला दाखवून थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. एकदाच बरं, दर महिन्याला नाही. आणि छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय, दरदरून घाम फुटलाय, तर तिथे वही, श्वास काही नाही, सरळ १०८ किंवा हॉस्पिटल.

मदत कधी घ्यायची

सहा महिने झाले, बहुतेक दिवस काळजी चालूच आहे, आवरत नाही, सोबत झोप उडालीये, अंग आखडतंय, चिडचिड होतेय, कामात लक्ष नाही, थकवा आहे, तर ही रोजची काळजी राहिली नाही, तिच्यावर उपचार आहेत. काळजी किती आहे ते मोजणारी जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी २००६ मध्ये तयार झाली, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, एकूण मार्क २१, त्यात १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायलाच हवं. निदान मात्र चाचणी करत नाही, डॉक्टर करतात. जगायला नको असे विचार येत असतील तर सहा महिने बिहिने काही मोजू नका, आजच बोला.

१४४१६ ही केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि तिथे ओपीडी असते, नाव ऐकून दचकू नका, ओपीडीत आपल्यासारखीच माणसं असतात. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचार विभागाची चौकशी करा. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसच्या पुढे शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या देऊ शकतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात, पुष्कळदा दोन्ही लागतात.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. काळजीसाठी नेहमी ज्या गोळ्या देतात त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता जरा वाढू शकते, तेव्हा "मला सूट होत नाही" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि लगेच शांत करणाऱ्या ज्या गोळ्या असतात, अल्प्राझोलामसारख्या, त्या शेजारणीकडून किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून कधीच घेऊ नका, त्यांची सवय लागते. आधीपासून रोज घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्याने फिट येऊ शकते, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. पहिल्या भेटीत हे सगळं सांगा, सध्या चालू असलेल्या बाकीच्या गोळ्या, काढे, दारू-तंबाखू सुद्धा, आणि निघायच्या आधी विचारून घ्या की ही गोळी किती महिने आणि पुढच्या वेळी कधी यायचं.